शेजाऱ्यांचे एकीकरण : लाभ आणि उणिवा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत बिरसा, जिल्हा बालाघाट येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याचा मान आपण माझ्यासारख्या मराठीच्या एका सामान्य अध्यापकाला दिलात, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. विषय मात्र मी साहित्याचा निवडलेला नाही, याचे काहींना आश्चर्य वाटेल. शेजारी देश किंवा शेजारी प्रांत राजकीयदृष्ट्या एकत्र येतात तेव्हा त्यातून काय मिळते आणि काय गमावले जाते, हा आजचा विषय आहे. हा विषय राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाचा आहे, हे मी जाणतो. परंतु एकीकरणाचा पहिला परिणाम भाषेवर आणि शाळेवर होतो, आणि त्याची झळ वाचनालयाच्या दारापर्यंत येते. म्हणून भाषेच्या माणसालाही त्यावर बोलण्याचा थोडासा अधिकार आहे, असे मी मानतो.

आज सकाळी मला ग्रंथालयातील काही जुनी पुस्तके पाहावयास मिळाली. त्यांवरील शिक्के मी मुद्दाम न्याहाळले. एका पुस्तकावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असे होते, दुसऱ्यावर 'मध्यप्रदेश'. हा दुसरा शिक्काही फसवा आहे. कारण १९५० सालचा मध्यप्रदेश आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा मध्यप्रदेश ही दोन निराळी राज्ये होत. पहिल्याची राजधानी नागपूर होती, दुसऱ्याची भोपाळ झाली. पुस्तक त्याच कपाटात राहिले, वाचकही त्याच गावचे राहिले, आणि राज्य मात्र बदलले.

बिरसा परिसराची कथा याहून बोलकी आहे. पूर्वेला खैरागढ आणि कवर्धा ही संस्थाने होती. १९४७ पर्यंत तिकडचा बाजार म्हणजे कायद्याच्या भाषेत दुसऱ्या राजाचा मुलूख होता. १९४८ साली संस्थाने विलीन झाली आणि ती रेषा पुसली गेली. १९५६ साली जिल्ह्याच्या दक्षिणेला, भंडारा जिल्ह्याच्या बाजूला, नवी राज्यसीमा उभी राहिली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि पूर्वेची पुसलेली रेषा पुन्हा उमटली. अवघ्या त्रेपन्न वर्षांत एका पिढीने तीन वेळा शेजार बदललेला पाहिला, तोही आपल्या ओसरीवरून न उठता. एकीकरण आणि विभाजन यांविषयी बोलावयाचे तर याहून योग्य जागा कोणती?

थोडे मागे जाऊ. हा मुलूख मुळात गोंड राजांचा. गढा-मंडला आणि देवगड ही त्यांची मोठी राज्ये. देवगडच्या बख्त बुलंदने नागपूर वसविले. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. तिसरे रघूजी १८५३ साली निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने ते राज्य खालसा केले. १८६१ साली इंग्रजांनी नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून मध्यप्रांत निर्माण केला. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे एकत्र करून बालाघाट जिल्हा बनला आणि तो नागपूर विभागात ठेवला गेला. म्हणजे आपला जिल्हा हाच एक जोडलेला जिल्हा आहे. खाली वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाची शेते आणि वर बैहरचे जंगलपठार, असा हा सांधा आहे. या पठारावर पडलेले काही पाणी बंजर नदीवाटे नर्मदेला मिळून पश्चिम समुद्रास जाते, तर काही वैनगंगेवाटे गोदावरीस मिळून पूर्व समुद्रास जाते. निसर्गाने जिथे पाणी वाटले, तिथे इंग्रजांनी कचेरी जोडली.

यापुढची जोडणी अधिक विचार करण्याजोगी आहे. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. फौजेच्या खर्चापोटी तो १८५३ साली कंपनीच्या ताब्यात गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडला. दोन निराळ्या सत्तांखालचे दोन शेजारी मुलूख एका कारभाराखाली आले. सार्वभौमत्व मात्र नावापुरते निजामाकडेच राहिले. १९३६ च्या करारातही ते मान्य केले होते. आज आपण ज्याला दोन देशांचे राजकीय एकीकरण म्हणतो, त्याचा आपल्या अंगणातला नमुना हाच. वऱ्हाडातील कोणा शेतकऱ्याला याबाबत विचारले गेले नव्हते, आणि मध्यप्रांतातील कोणालाही नाही.

या न विचारता झालेल्या जोडणीतूनही लाभ झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि हिंदी व मराठी दोन्ही भागांतील मुलांना उच्च शिक्षणाची वाट जवळ आली. १९३६ साली नागपुरास उच्च न्यायालय आले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली आणि सातपुड्याच्या दोन बाजू एकमेकींना भेटल्या. मोठ्या प्रांताला जे परवडते ते लहान मुलखाला परवडत नाही. एकीकरणाचा हा पहिला लाभ.

दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. दोन भाषा एका घरात नांदल्या म्हणजे माणसे मोठी होतात. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी नियतकालिक काढले, आणि लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद केला. आधुनिक हिंदी गद्याच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. एक हिंदीतला श्रेष्ठ कवी, दुसरा मराठीतला मान्यवर कवी, कादंबरीकार व समीक्षक. थोरल्या भावाने अखेरची वर्षे राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकविले, आणि ते राजनांदगाव इथून काही फार दूर नाही. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषांत लिहावे आणि दोन्ही भाषांनी त्यांना आपले म्हणावे, हे द्विभाषिक प्रांताच्या मातीतच शोभते.

आता उणिवांकडे वळू. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख, त्याचा महसूल मोठा. तो महसूल मध्यप्रांतावर खर्ची पडतो, ही तक्रार सतत होत राहिली. जो भाग संपन्न असतो त्याला वाटते, आपण इतरांना पोसतो. जो भाग दुर्बल असतो त्याला वाटते, आपल्याला विचारीत नाहीत. दोघेही एकाच वेळी असंतुष्ट राहू शकतात, हे एकीकरणाचे मोठे वैशिष्ट्य आहे! १९३८ साली प्रांताच्या विधानसभेनेच महाविदर्भाचा वेगळा प्रांत व्हावा असा ठराव संमत केला. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर वेगळे राहण्याची मागणी आली, याचा अर्थ संसारात काही तरी मुळात राहून गेले होते.

जे राहून गेले होते ते म्हणजे संमती आणि लेखी हमी. स्वातंत्र्याच्या सुमारास हे आपल्या नेत्यांच्या ध्यानी आले. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, अशी त्याची कल्पना होती. पुढे २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील आदींच्या त्यावर सह्या आहेत. नोकऱ्यांत आणि शिक्षणाच्या सोयींत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नागपुरास उच्च न्यायालयाचे खंडपीठ, वर्षातून काही काळ सरकारचे वास्तव्य नागपुरात, अशी वचने त्यात होती. १९५५ साली फाजल अली आयोगाने मात्र आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचविले. ती शिफारस बाजूला पडली. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

कराराचे पुढे काय झाले? खंडपीठ आले, नागपूरचे अधिवेशनही आले. ज्या वचनांची पूर्तता डोळ्यांनी दिसते ती वचने बहुधा पाळली जातात. ज्यांची पूर्तता आकड्यांत मोजावी लागते ती मागे पडतात. घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ सालीच झाली होती; प्रत्यक्ष वैधानिक मंडळे १९९४ साली स्थापन झाली. दरम्यान १९८४ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने प्रादेशिक असमतोल मोजला, तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मी महाराष्ट्रातला माणूस आहे आणि संयुक्त महाराष्ट्राचा मला अभिमान आहे. परंतु अभिमानाने अनुशेष भरून निघत नाही. करार लिहिणे सोपे. करारावर पहारा ठेवणारी व्यवस्था उभी करण्यास अडतीस वर्षे लागली, ही गोष्ट एकीकरणाच्या प्रत्येक पुरस्कर्त्याने ध्यानात ठेवावी.

हे झाले विदर्भाचे. बालाघाटला तर करारही लाभला नाही. जिल्हा हिंदीभाषक ठरला आणि नव्या मध्यप्रदेशात गेला. हा निर्णय चुकीचा होता, असे मी म्हणत नाही. या जिल्ह्यात हिंदी आहे, पोवारी आहे, लोधी आहे, मराठी आहे, छत्तीसगढी आहे, गोंडी आहे. अशा जिल्ह्याला कोणत्याही एका भाषेच्या राज्यात बसविले तरी बाकीच्या भाषा बाहेरच उभ्या राहणार. प्रश्न निर्णयाचा नाही. निर्णयानंतर त्या भाषांची काळजी कोणी घेतली, हा आहे.

इथे एक घरगुती आठवण सांगण्याची परवानगी द्यावी. माझे आजोळ लांजीच्या बाजूचे. माझ्या आजोबांचा शेतीचा एक दावा अपिलात होता. वकील नागपूरचे, कागद त्यांच्याकडे, बोलणे मराठीत. राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरचे उच्च न्यायालय जाऊन या भागासाठी जबलपूरचे न्यायालय आले. आजोबांना नवा वकील पाहावा लागला, कागद नव्याने करावे लागले. ते गोंदियाच्या गाडीऐवजी नैनपूरच्या गाडीत बसू लागले. आजी सांगत असे, आजोबा दावा जिंकले. पण निकाल हातात आला तेव्हा तो त्यांनी शेजारच्या गुरुजींकडून वाचून घेतला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना आपण अडाणी आहोत असे वाटले. ते अडाणी नव्हते. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा तो माणूस होता. न्याय मिळाला, परंतु तो परक्याच्या तोंडून कळला. कोणाचा दोष नव्हता, कोणी अन्याय केला नव्हता. म्हणूनच त्याची दाद कुठे मागता येत नव्हती. एकीकरणातील पुष्कळसे दुःख हे असे, आरोपी नसलेले असते.

तथापि नव्या मध्यप्रदेशानेही काही गोष्टी शहाणपणाने केल्या, त्या नमूद केल्या पाहिजेत. जुन्या मध्यप्रदेशाचा हिंदी भाग, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ असे चार घटक एकत्र आले तेव्हा राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला, अशी वाटणी झाली. प्रत्येक जुन्या घराला नव्या वाड्यात एकेक खोली मिळाली. सामान्य माणसाची पायपीट वाढली खरी, पण एकाच शहराने सर्व काही गिळले नाही. शिवाय एक अनपेक्षित लाभ झाला. शिंदे, होळकर, पवार यांच्या राज्यांतील ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार इथली मराठी माणसे आणि वैनगंगेकाठची मराठी माणसे प्रथमच एका राज्याचे नागरिक झाली. एक नगरवासी, नोकरदार आणि संगीत-नाटकांची मराठी. दुसरी धानाच्या बांधावरची, झाडीबोलीच्या आणि पोवारीच्या शेजारची मराठी. नागपूरशी ताटातूट झाली, पण इंदूरशी सोयरीक झाली. ती सोयरीक आपण किती जोपासली, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावा.

आणि काही नाती सीमेने तुटलीच नाहीत. बालाघाटहून बैहरकडे येताना उकव्याची मँगनीजची खाण लागते. ती केंद्र सरकारच्या ज्या कंपनीची आहे, तिचे मुख्यालय नागपुरात आहे. बावनथडीच्या धरणाचे पाणी दोन्ही राज्ये करारानेच वापरतात. रोटीबेटीचे व्यवहार तर सांगावयासच नकोत. म्हणजे जिथे दोघांचे काम अडते तिथे राज्ये निराळी असूनही एकत्र वागता येते.

याच तत्त्वावर युरोपातील एकीकरणाचा आरंभ झाला. १९५१ साली सहा देशांनी प्रथम केवळ कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एकत्र केला. जर्मनी आणि फ्रान्स यांनी पाऊणशे वर्षांत तीन मोठी युद्धे केली होती. ज्या वस्तूंनी तोफा बनतात त्या वस्तू आधी सामाईक केल्या. १९५७ चा रोमचा करार, १९९३ साली युरोपीय संघ, २००२ साली हातात आलेले सामाईक चलन, असे ते पायरीपायरीने चढले. तिथेही बिनसले. २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने सुमारे ५२ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते बाहेर पडले. दूरच्या कचेरीतून आपल्यावर नियम लादले जातात, ही भावना तिथे तर्कापेक्षा बळकट ठरली.

त्याच ब्रिटनच्या पोटात आणखी एक जुने एकीकरण आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे शेजारी देश १ मे १७०७ रोजी एक झाले. स्कॉटलंडने आपली संसद सोडली. परंतु आपले कायदे, आपले चर्च आणि आपली शिक्षणपद्धती राखली. तीनशेहून अधिक वर्षे हे एकीकरण टिकले, त्याचे मोठे श्रेय या राखलेल्या तीन गोष्टींना आहे, असे मला वाटते. १९९९ साली त्यांना स्वतःची संसद परत मिळाली, २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्क्यांनी एकत्र राहण्याचा कौल दिला. पण २०१६ साली स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहावे असे म्हटले, आणि तरीही इंग्लंडच्या संख्याबळाने त्यांना बाहेर पडावे लागले. लहान भागीदाराचे मत मोजले जाते, पण ते पुरेसे ठरत नाही.

घाईने केलेली एकीकरणे मोडलेलीही आपण पाहिली आहेत. इजिप्त आणि सीरिया १९५८ साली एक झाले. कैरोचा अधिकारी दमास्कसवर हुकूम चालवू लागला आणि १९६१ साली सीरिया बाहेर पडला. सिंगापूर १९६३ साली मलेशियात गेले आणि १९६५ साली वेगळे झाले. एकाच राजाखाली असलेले स्वीडन आणि नॉर्वे १९०५ साली विभक्त झाले. निमित्त परदेशातल्या वकिलातींचे. नॉर्वेची जहाजे जगभर फिरत आणि त्यांना स्वतःचे व्यापारी वकील हवे होते. ते स्वीडनने मानले नाही. सार्वमतात वेगळे होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते पडली आणि विरुद्ध फक्त १८४. तरीही रक्त सांडले नाही, आणि आज ते सख्खे शेजारी आहेत. चांगले विभाजन हे वाईट एकीकरणापेक्षा बरे, असे म्हणण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

आपल्याकडे विचारून केलेले एक मोठे उदाहरण गोव्याचे आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तिथल्या जनतेचा कौल घेतला गेला. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने, तर १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने पडली. महाराष्ट्रात तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. माझ्या मते ती हळहळ अनाठायी होती. ज्यांनी 'नको' म्हटले त्यांचे आणि आपले नाते त्या नकारामुळेच निकोप राहिले. गोव्यात आजही मराठी वाचली जाते, मराठी नाटके होतात. याउलट बेळगावात लोकांचा कौल कोणी घेतला नाही. १९६७ च्या महाजन आयोगाने प्रश्न सुटला नाही, आणि दोन शेजारी राज्ये आजही न्यायालयात उभी आहेत.

आतापर्यंत मी मराठीच्या बाजूने गाऱ्हाणे मांडले. आता ते उलटून आपल्यावर घेण्याची वेळ आहे. आपण ज्या पठारावर बसलो आहोत, त्याची जुनी भाषा ना मराठी, ना हिंदी. ती गोंडी. तेलुगूला राज्य मिळाले, मराठीला मिळाले, गुजरातीला मिळाले. गोंडीभाषक मात्र मध्यप्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगढ, ओडिशा, तेलंगणा अशा राज्यांत विखुरले गेले. आपण ज्याला भाषावार एकीकरण म्हणतो ते त्यांच्यापुरते विभाजनच होते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख भरले. २००३ साली बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली या भाषा आठव्या अनुसूचीत आल्या. गोंडी अजून बाहेर आहे. १९५५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांविषयी लिहिताना इशारा दिला होता, की भाषिक राज्यात बहुसंख्याकांच्या हाती सत्ता एकवटते आणि अल्पसंख्याकांना आधार उरत नाही. त्यांनी महाराष्ट्राचेही एकच अवाढव्य राज्य करू नये, असेच सुचविले होते. तो इशारा आपण मराठी माणसांनी पुरेसा ऐकला नाही. या सभेतही एखादे गोंड वा बैगा गृहस्थ बसले असतील, आणि माझे हे सारे भाषण त्यांना माझ्या आजोबांच्या निकालपत्रासारखे वाटत असेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की एकीकरणाचा हिशेब राजधानीत मांडू नये. तो सरहद्दीवरच्या गावात मांडावा. राजधानीत नेहमी लाभच दिसतो: मोठे क्षेत्र, मोठा खजिना, मोठा दबदबा. सरहद्दीच्या गावात तीन प्रश्न विचारावेत. जोडताना या माणसांना विचारले होते काय? त्यांना जे वचन दिले ते लेखी आहे काय, आणि त्यावर पहारा कोणाचा? आणि त्यांचा कायदा, शाळा, भाषा यांपैकी काही तरी त्यांच्या हाती राहिले काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल तर ते एकीकरण टिकेल. दोहोंचे 'होय' असेल तर कुरबुरीसह चालेल. एकाचेही नसेल तर नकाशा एक राहील आणि माणसे वेगळी होतील.

आपल्या घटनेने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. पुनर्रचनेच्याच वर्षी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. कलम आहे, पण शाळेत मूल आणि मुलाच्या हाती पुस्तक नसेल तर कलम काय करील? सरकारकडे आपण जरूर मागावे. परंतु काही गोष्टी मागाव्या लागत नाहीत, त्या करता येतात. आणि त्या करण्याची जागा म्हणजे हे ग्रंथालय.

शंभर वर्षे या संस्थेने मराठी पुस्तके सांभाळली. तीन राज्यकारभार बदलले, तिने कपाट बदलले नाही. पुढच्या शंभर वर्षांसाठी माझी एक नम्र सूचना आहे. मराठी कपाटाशेजारी हिंदीचे कपाट असेलच. त्यांच्या शेजारी गोंडीचे एक कपाट ठेवावे. पुस्तके थोडी असतील, तर इथल्या वृद्धांकडून गाणी, कथा, वनस्पतींची नावे उतरवून घ्यावीत आणि त्यांच्या वह्या त्या कपाटात लावाव्यात. पोवारीचेही तसेच करावे. आपली भाषा दुसऱ्याच्या राज्यात सांभाळली जावी असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या खोलीत दुसऱ्याची भाषा आधी सांभाळावी. राज्यांचे एकीकरण करणे तुमच्या माझ्या हाती नाही. एका खोलीतील तीन कपाटांचे एकीकरण मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि त्याला कोणत्याही आयोगाची शिफारस लागत नाही.